पाच मिनिटांवर विमानतळ

पनवेल परिसरात गृहप्रकल्पांचे फलक वाचत निघालं, की एक वाक्य हमखास भेटतं: ‘विमानतळ फक्त पाच मिनिटांवर’. ते लिहिणाऱ्याला मी कमी लेखत नाही. वाचणाऱ्याने थबकावं, फोन लावावा, रविवारी बायकामुलांना घेऊन साइटवर यावं आणि उठताना टोकन देऊन जावं, एवढं सगळं चार शब्दांत घडवायचं म्हणजे कसबाचंच काम. पण त्या टोकनामागे गावची विकलेली जमीन असते, मोडलेले दागिने असतात, आणि पुढे वीस वर्षांचे हप्ते.

नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवासी विमानं उडू लागली २५ डिसेंबरला. जाहिरातींतली विमानं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून उडत होती. ‘प्रस्तावित’ हा शब्द असलाच तर तळाशी, भिंगाने वाचावा इतका बारीक. विमानतळ आला की भाडेकरू मिळेल, या भरवशावर कर्ज काढलेल्या माणसाला बँकेने हप्त्यात तेवढी वर्षं सूट दिलेली नसते.

कायदा याबाबत झोपलेला नाही. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या १२ व्या कलमानुसार भरपाई मागता येते; घरच नको असेल तर व्याजासह पैसे परत. या कलमात सॅम्पल फ्लॅटही येतो, तोच तो, बेताच्या मापाचा पलंग टाकून खोली प्रशस्त दाखवणारा. जाहिरातींबाबतच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा. मराठीत स्वप्न आणि इंग्रजीत बारीक अटी, हे चालत नाही.

पण रेराचं हे कलम विकासकाला धरतं. कोणत्या शब्दावर माणूस खिशात हात घालतो हे नेमकं ओळखणारा मजकूरकार त्यातून सुटतो. ‘मला दिलं तेच मी लिहिलं’ हे त्याचं उत्तर मला मुळीच पटत नाही. लोकांना उठवणारा माणूस कसा असतो, हे याच पनवेल तालुक्याने पाहिलं आहे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात स्वतः थाळी वाजवत आपल्या व्याख्यानाची दवंडी पिटत. जे लोकांना सांगितलं त्यासाठी त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात प्राण सोडला. एवढा त्याग जाहिरात लिहिणाऱ्याकडे कोण मागतंय? त्याने सकाळी नऊला साइटवरून रिक्षा करून विमानतळ गाठावा, आणि लागतील तितकी मिनिटं लिहावीत.

पंचवीस लागली तर पंचवीस. गिऱ्हाईक पळून जाईल ही भीती मला फोल वाटते. इथे घर घेणाऱ्या बहुतेकांना रोज विमान पकडायचं नसतं, लोकल पकडायची असते. नळाला पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, स्टेशनला जाणारी पहिली बस कितीला सुटते, हे ते साइटवर चारचारदा विचारतात. तेवढं खरंखरं फलकावर लिहिलेलं असेल, तर मी स्वतः त्या प्रकल्पाचा पत्ता चार जणांना देईन.