स्वस्त झालेले यंत्र आणि विकणाऱ्याचा शब्द

घरच्या दूरचित्रवाणीवर अतिशय सुस्पष्ट चित्र दाखविणाऱ्या तबकड्यांची दोन घराणी 2006 साली बाजारात उतरली. एक तोशिबाचे, एचडी डीव्हीडी. दुसरे सोनी व तिच्या सहकाऱ्यांचे, ब्लू-रे. दोन्ही तबकड्या निळ्या-जांभळ्या लेझर किरणानेच वाचल्या जात; पण एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर लागत नसे. एकच पद्धत ठरावी म्हणून 2005 साली बोलणी झाली होती, ती फिसकटली.

अमेरिकेत तोशिबाचे पहिले यंत्र 499 डॉलरांना विकावयास आले. नोव्हेंबर 2007 मध्ये याच कंपनीचे एक यंत्र शंभराच्याही आत मिळू लागले. पुढे 4 जानेवारी 2008 रोजी, दोन्ही पद्धतींत चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने यापुढे केवळ ब्लू-रे असे जाहीर केले. दहा-बारा दिवसांत तोशिबाने किमती पुन्हा उतरविल्या, आणि 19 फेब्रुवारीस हा धंदाच सोडला.

आमचा प्रश्न मधल्या त्या पाच आठवड्यांपुरता आहे. तेव्हाची विक्री प्रामाणिक होती काय?

यंत्रात खोट नव्हती. जुन्या डीव्हीडीही त्यावर लागत. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत असे म्हणणारे आहेत, व त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु असे यंत्र घेणारा नुसती पेटी घेत नाही; पुढेही नव्या तबकड्या मिळत राहतील हा भरवसा घेतो. संध्याकाळी भाजीवाली मेथीची जुडी निम्म्या भावाने देते, तेव्हा ती कोमेजलेली आहे हे गिऱ्हाइकास दिसते. येथे वस्तू ताजीतवानी होती. कोमेजला होता तो भरवसा, आणि त्याच्यावर चिठ्ठी लावलेली नव्हती. कंपनीस अजून तगण्याची आशा असेल, असे आपण धरून चालू. तरीही आशा आपली आणि पैसा दुसऱ्याचा, असे असता धोका उघड सांगणे अधिकच अगत्याचे होते, असे आम्हांस वाटते.

मार्च 2008 मध्ये बेस्ट बाय या अमेरिकन दुकानमालिकेने आपल्याकडून एचडी डीव्हीडी यंत्र घेतलेल्यांस 50 डॉलरांची भेटकार्डे देण्याचे जाहीर केले. ती त्याच दुकानांत खर्चावयाची, म्हणजे हाही धंदाच, असे कोणी म्हणतील. म्हणोत बापडे! तोट्यातला थोडा वाटा तरी विकणाऱ्याने उचलला. आरंभी 499 मोजणाऱ्यास त्यातून जेमतेम दशांश परत मिळाला, शंभराच्या आत घेणाऱ्यास अर्ध्याहून अधिक.