इंद्रिय आणि अधिष्ठान

कारखान्यातील यंत्राच्या पट्ट्यात सापडून ज्याच्या हाताच्या पाठीवरची त्वचा आणि तिच्याखालच्या, बोटे उचलणाऱ्या कंडरा एकदमच नाहीशा झाल्या आहेत, अशा माणसाचा हात शल्यविशारद पुष्कळदा त्याच्याच जांघेतील अर्धवट सोडविलेल्या त्वचेला शिवून ठेवतो. हाताकडून नव्या रक्तवाहिन्या त्या त्वचेत शिरेपर्यंत, म्हणजे सुमारे 3 आठवडे, रुग्णाला तशाच स्थितीत राहावे लागते, आणि मगच मूळचा देठ कापला जातो. कंडरेची पाळी बहुधा यानंतर येते, कारण वर चरबीसहित आच्छादन नसेल तर ती चिकटून बसते, सरकत नाही. तिच्यासाठी, अंगठा व करंगळी जुळवून मनगट वाकविले की उठून दिसणारी ती बारीक कंडरा उपयोगी पडते, जी कित्येकांना जन्मतःच नसते आणि जिच्यावाचून कोणाचे अडतही नाही. माणूस पुढे स्थूल झाला, तर हातावरची ही त्वचाही पोटाच्या बरोबरीने फुगते.

असा हात त्याचा स्वतःचा कोणत्या अर्थाने म्हणावयाचा?

सांख्यांनी हाताला पाच कर्मेंद्रियांत स्थान देऊन ‘आदान’, म्हणजे घेणे, हे त्याचे कार्य ठरविले. परंतु इंद्रिय हे अतींद्रिय असते असे बजावून सांख्यसूत्रांनी, मांसाच्या अधिष्ठानालाच इंद्रिय समजणाऱ्यांची गणना भ्रांतांत केली. जांघेच्या त्वचेचा आणि मनगटाच्या कंडरेचा तो हात पुन्हा भाकरीचा तुकडा मोडताना पाहिला म्हणजे हा सिद्धान्त पटू लागतो. अधिष्ठान बदलले, आदान राहिले.

तथापि मला येथे थांबवत नाही. अमेरिकन शल्यविशारद लिटलर यांच्या नावाशी निगडित असलेल्या एका शस्त्रक्रियेत, संवेदना गमावलेल्या अंगठ्यावर अनामिकेच्या एका बाजूची त्वचा तिच्या मज्जातंतूसह व रक्तवाहिनीसह नेऊन बसवितात. आणि त्यानंतर अंगठ्याला टाचणी टोचली असता, अनामिकेला टोचले, असे रुग्ण सांगतो. येथे विषय त्वगिंद्रियाचा आहे हे खरे, पण स्पर्शावाचून हाताला घेता कोठे येते? शक्ती अधिष्ठानाहून सर्वस्वी अलिप्त असती, तर तिला जुन्या जागेची ही आठवण राहिलीच नसती. सूत्रकारांनी देहाचा वाटा कमी लेखला, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकीचा दस्तऐवज त्या अतींद्रिय शक्तीच्या नावे असेलही, पण कब्जा वहिवाटीनेच सिद्ध होतो. आणि ही वहिवाट म्हणजे वेदना सोशीत महिनोन्महिने बोटे उचलण्याची ती मेहनत, जी रुग्णाऐवजी शल्यविशारद करू शकत नाही आणि ईश्वरही करीत नाही.

अंगठ्याकडे पाहत, त्याच्यावर पुनःपुन्हा स्पर्श करून घेत काही रुग्ण ती अनामिका विसरतात. काही प्रौढांत मात्र ती कधीच पुरती जात नाही; अंगठा सुई, बटण, नाणे सर्व काही नीट उचलतो, आणि आत साक्ष अनामिकेचीच उमटत राहते. अशा माणसाचे इंद्रिय नेमके कोठे आहे, याचे उत्तर मला सांख्यांजवळ सापडले नाही. तो अंगठा त्याचा आहे, याविषयी मात्र मला शंका नाही.