भाषा अनेक, भाकर एक



आरंभीच्या ख्रिस्तसभेत पहिली मोठी कुरकूर कशावरून झाली? सिद्धांतावरून नव्हे, तर अन्नवाटपावरून. आणि तिच्या मुळाशी भाषा होती. 'प्रेषितांची कृत्ये' अध्याय 6 उघडून पाहा. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. कोणी मुद्दाम टाळले असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. ओळखीच्या चेहऱ्याकडे वाढणाऱ्याचा हात आधी जातो, हे आपल्याकडच्या कुठल्याही पंगतीत दिसते.

प्रेषितांनी काय केले? सर्वांनी एकच भाषा बोलावी असा हुकूम काढला नाही. त्या विधवांची वेगळी पंगतही बसवली नाही. सात माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्यावर सोपवले. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावे ग्रीक! ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती साऱ्यांच्या भाकरीची टोपली दिली गेली. एवढा विश्वास टाकायला मन मोठे लागते.

हा अध्याय आपल्या वर्धा जिल्ह्याला फार जवळचा आहे. वर्ध्याचे रेल्वे जंक्शन, पुलगावचे दारूगोळा भांडार, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, यांनी माणसे कुठून कुठून आणली! गांधीजींच्या काळीही असेच होते. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा तमिळ ख्रिस्ती होते. सेवाग्रामला नई तालीम चालविणारे आर्यनायकम् सिलोनचे ख्रिस्ती, तर त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. ते कॅथलिक नव्हते. पण आपल्या घरापासून इतक्या दूर येऊन त्यांनी या मातीत काम केले.

आपला चांदा धर्मप्रांत तर या मिसळणीतूनच जन्मला. 1962 साली पोप तेविसावे जॉन यांनी हा प्रदेश केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे सोपविला. केरळचे धर्मगुरू व धर्मभगिनी आले, मराठी शिकले. आज चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा हे जिल्हे या धर्मप्रांतात आहेत. म्हणून आपल्या मिस्साविधीची मुळे सिरियाक परंपरेत आहेत. प्रभू येशू जी अरामी बोलत असे, तिचीच ही बहीण. मिस्सेला केरळात 'कुर्बाना' म्हणतात. शब्द परका वाटतो का? आपण मराठीत 'कुर्बानी' म्हणतो, ती याच मुळाची. अर्पण हाच दोन्हींचा गाभा.

उलट्या दिशेचे उदाहरणही आहे. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, आणि 1616 साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे 11 हजार ओव्या, आणि त्या मराठीत! परक्याने आपली भाषा आपल्यापेक्षा प्रेमाने जपली, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या आवाराकडे वळू. सणाच्या दिवशी मल्याळम गीत सुरू झाले की मागच्या बाकावरची आजी जपमाळ काढते. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला मराठी प्रवचन अर्धेच कळते, तरी तिचे 'आमेन' चुकत नाही. (हे 'आमेन'ही मूळचे इब्री.) तिचा मुलगा मात्र शाळेत अस्सल वऱ्हाडी बोलतो! 'विधी आमचा' असे एकाने म्हणावे, 'माती आमची' असे दुसऱ्याने. दोघेही खरेच बोलतात, आणि तिथेच धोका आहे. कारण वेदीवरची भाकर कोणाच्याच घरची नाही. भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, हे संत पौल करिंथकरांना सांगतो. करिंथही बंदराचे शहर, नाना बोलींचे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी पौर्वात्य ख्रिस्तसभांना समान प्रतिष्ठा मान्य करणारा आदेश काढला, आणि त्याच दिवशी ख्रिस्ती ऐक्यावरचाही. एका दिवशी दोन्ही! वेगळेपण राखणे आणि एक होणे ही दोन कामे परिषदेला परस्परविरोधी वाटली नाहीत.

पुढच्या सणाच्या भोजनासाठी वाढपी मंडळींची यादी कार्यालयात ठेवली आहे. ज्यांना एरवी पंगतीच्या शेवटी बसावे लागते, त्यांनी आधी नावे द्यावीत. मराठी कुटुंबांनी शेजारच्या मल्याळी, तमिळ, हिंदीभाषिक घरी जाऊन एकेक नाव घेऊन यावे, आणि त्यांनीही मराठी घरी जावे. बायबलवाचनाचीही अशीच यादी करीत आहोत. उच्चार चुकले तर कोणी हसू नये.