वीतभर मोकळी जागा

पुण्यात खराडीला एका आयटी संकुलात शेजारीशेजारी दोन इमारती होत्या. दोन्हींच्या दारात एकाच रोपवाटिकेतली ताम्हणाची झाडं एकाच दिवशी लावलेली. कडेला एक्झोरा, मध्ये हिरवळ, पाणीही एकाच टँकरचं. पहिल्या इमारतीची बाग एका तरुण सुपरवायझरकडे होती. दुसरीची होती मावशीकडे. मावशी दौंडकडची, उसाच्या गावातली. पाचट जाळायचं नसतं, सरीत पसरायचं असतं, हे ती लहानपणापासून पाहत आलेली.

सुपरवायझरला टापटिपीचं वेड. फाल्गुनात आवारातल्या रेन ट्रीची आणि बदामाची पानं गळू लागली की त्याची माणसं सकाळ-संध्याकाळ झाडू मारत. कंपनीत पाहुणे येतात, वाफ्यात वाळकं पान दिसता कामा नये, हा त्याचा दंडक. पानं गोणीत भरून बाहेर जात. उरली तर रविवारी मागच्या भिंतीशी काडी लागे. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच बंदी घातलेली. पकडलं गेलं तर पाच हजारांचा दंड. पण रविवारी पाहतंय कोण?

मावशी तीच पानं कोपऱ्यातल्या तारेच्या जाळीत साठवायची. पावसाळाभर ती दबत आणि अर्धवट कुजत. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की तिचं खरं काम सुरू होई. आधी तण उपटायचं, तेही बी धरायच्या आत. मग जमिनीत ओल आहे तोवर वाफ्यांत पानांचा दोन-तीन इंचांचा थर द्यायचा. ठिबकच्या नळ्या थराच्या खाली राहायच्या. बदामाची पानं मोठी आणि चिवट. अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून पाणी खाली उतरू देत नाहीत, म्हणून ती आधी चुरायची. हिरवळीवर मात्र एक पान ठेवायचं नाही. वाफ्याच्या कडेला विटांची ओळ लावायची, म्हणजे वारा सुटला तरी कचरा पायवाटेवर येत नाही. पाहुण्यांना वाफा नीटनेटकाच दिसे.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि दोन बागांतला फरक दिसू लागला. सुपरवायझरच्या वाफ्यांतली उघडी माती कडक होऊन भेगाळली. सकाळी दिलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जाई. उन्हाळ्यात टँकरचं बिल वाढलं, तशी मॅनेजरनं विचारणा केली, "पाणी तेच, झाडं तीच. मग त्यांचा वाफा हिरवा आणि आपला करपलेला का?"

सुपरवायझर कुंपणाशी गेला. पलीकडच्या वाफ्यात मातीवर पानांचा थर दिसला. एवढंच ना, म्हणत तो परत फिरला. मावशी पंधरा पावलांवर खुरपत बसली होती. तिला विचारावं असं काही त्याला वाटलं नाही.

पुढच्या दसऱ्याला त्यानं लाकडाच्या रंगीत चिपांच्या गोण्या मागवल्या. "त्यांनी बोटभर घातलंय, आपण फूटभर घालू," असं म्हणून प्रत्येक ताम्हणाच्या बुंध्याला टेकवून त्यानं उंच ढीग रचले. फोटो छान आले. मॅनेजर खूश झाला. हिवाळा सरला, उन्हाळाही बरा गेला.

मग पावसाळा आला आणि ताम्हणाची पानं पिवळी पडू लागली. एक झाड जोराच्या वाऱ्यात कललं, ते सरळ होईना. तेव्हा कुठे सुपरवायझर कुंपण ओलांडून आला.

"मावशी, जरा बघता का?"

मावशीनं ढीग बाजूला सारला. बुंध्याची साल काळी, मऊ पडली होती. खुरप्याचं टोक लागताच ती सुटून आली. आत वाळवीनं वाट केली होती.

"अहो साहेब, मुळाला ओल चालते, ते मातीतलंच. साल उघड्या हवेतली. तिला रात्रंदिवस ओल लागली की कुजणारच. पांघरूण अंगावर घ्यायचं असतं, नाकावर नाही."

"पण तुम्हीही घालताच की!"

"घालते. पण बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडते. कुंपणापलीकडून तुम्हाला पानं दिसली, ती जागा दिसली नाही. वाकून बघितलं असतं तर दिसली असती. विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

त्या दिवशी दोघांनी मिळून सगळे ढीग मोडले. बुंधे मोकळे केले, चिपा वाफ्यात सारख्या पसरल्या. दोन झाडं गेली ती गेलीच. बाकीच्यांची साल हळूहळू सुकली आणि ती तगली. पुढच्या फाल्गुनापासून दोन्ही इमारतींची पानं एकाच जाळीत पडू लागली आणि मागच्या भिंतीशी धूर दिसेनासा झाला.

तात्पर्य : जाणत्याचं काम लांबून पाहणाऱ्याला त्यानं काय घातलं तेवढंच दिसतं, त्यानं काय सोडलं, हे जवळ जाऊन विचारणाऱ्यालाच कळतं. म्हणून नक्कल करण्याआधी विचारावं. विचारल्यानं कमीपणा येत नाही आणि झाडंही वाचतात.