दुधाच्या कॅनमधलं रक्त

मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावात आबांच्या हृदयाची झडप बदललेली. गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिनची गोळी ते रोज नेमानं घेत. रक्त तपासायला वाशीमला जायचं म्हटलं, की मात्र सोयाबीनची सोंगणी आडवी यायची.

"गोयी रोज घेतो ना मी? मंग रगत कायले तपासा लागते?"

नात वाशीमच्या एका लॅबमध्ये कामाला. आबांचा जन्म ढोरांत गेलेला, म्हणून तिनं गोष्टही ढोरांचीच काढली.

फेब्रुवारी १९३३. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन हा शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. कॅनमधलं रक्त गोठतच नव्हतं. चारा स्वीट क्लोव्हरचा, आपल्या लसूणघासासारखा.

"भिजलेलं कुटार आमी ढोरापुढं टाकत नाई," आबा म्हणाले.

तिथले जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांनीही तेच सांगितलं, तो चारा बंद करा. त्या दिवशी त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं. पण त्यांच्या प्रयोगशाळेनं तो चारा सोडला नाही. एकेक अर्क काढायचा, सशाला द्यायचा, त्याचं रक्त किती उशिरा गोठतं ते मोजायचं. पुन्हा नवा अर्क. असं सहा वर्षं चाललं. मला या गोष्टीत ही सहा वर्षं सगळ्यांत मोठी वाटतात. १९३९ मध्ये डायकौमॅरॉलचे स्फटिक मिळाले. चाऱ्यातल्या कौमरिनपासून बुरशीनं ते तयार केलं होतं आणि ते जीवनसत्त्व 'के'चं काम अडवत होतं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं. माणसांसाठी मान्यता मिळाली ती १९५४ मध्ये.

आबा दचकले. "म्हंजे मी उंदराचं औषद खातो?"

"हो आबा, पण मापात. सशांचं रक्त तपासूनच त्याचं मूळ सापडलं. तुमचं माप तुमच्याच रक्तातून काढा लागते. आयएनआर म्हणतात ते हेच, तुमचं रक्त किती उशिरा गोठते ते."

दुसऱ्या दिवशी आबा पहिल्या एसटीनं वाशीमला आले. डॉक्टरांना आयएनआर अडीच ते साडेतीन हवा होता, आला ५.२. खोदून विचारल्यावर कळलं, गुडघे दुखतात म्हणून आबा कुणालाही न सांगता दुकानातून गोळ्या आणून घेत होते. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, दोन दिवस वॉरफरिन थांबवलं आणि पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. सोंगणी चालूच होती. आबा ठरल्या दिवशी आले.