नळ एकाचा, रस्ता दुसऱ्याचा

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथल्या घरमालकांच्या हाती 2021 मध्ये पनवेल महापालिकेची मालमत्ता कराची बिलं पडली, तीही ऑक्टोबर 2016 पासूनची, म्हणजे महापालिका जन्मली त्या महिन्यापासूनची. लोक म्हणाले, एवढी वर्षं आमचे रस्ते, गटारं, पाणी सिडको, म्हणजे राज्य सरकारचं शहर विकास महामंडळ, बघत होती, तिचं सेवाशुल्क आम्ही भरलंय. मग हा कर कसला? महापालिका म्हणाली, कर लावणं हे कायद्यानं आमचं काम. मोर्चे निघाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असाव्यात आणि मधल्यामध्ये नागरिक चुकीचा ठरावा, हा प्रकार मुंबई महानगर प्रदेशात नवा नाही. डोंबिवलीच्या निवासी विभागात रस्त्यावरचा खड्डा बुजवायचा तर आधी त्याचा मालक शोधावा लागतो: औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) की महापालिका?

या प्रदेशात नऊ महापालिका आहेत. त्यांच्या डोक्यावर, आणि कित्येकदा त्यांच्या पोटात, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), सिडको, एमआयडीसी, घरबांधणीचं म्हाडा, रस्ते विकास महामंडळ, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. एकेका कामासाठी वेगळी संस्था काढण्यात मुळात काही गैर नाही. नदी, रेल्वे आणि सांडपाणी महापालिकेची हद्द ओळखत नाहीत. वसईचं पाणी वसईत उगवत नाही आणि कल्याणचा माणूस कल्याणात नोकरी करतोच असं नाही. सेवेच्या व्याप्तीएवढी हद्द आखावी, हा विचार शहाणपणाचाच आहे. आपल्याकडे बिघडलंय ते वेगळ्या ठिकाणी, आणि ते कळायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या उपसून शहर मोकळं करायचं तर नगरसेवकांच्या चर्चेत वेळ जाईल, असं ब्रिटिश सरकारला वाटलं आणि 1898 मध्ये कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. ट्रस्टने काम दांडगं केलं हे मान्य करायलाच हवं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि दादर-माटुंग्याची आखीव वसाहत ही त्याचीच देणगी. नागपाड्यासारख्या वस्त्यांतून जी माणसं उठवली गेली, त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला मात्र या मोकळ्या हवेतलं फारसं काही आलं नाही. ट्रस्टला भांडवल म्हणून दिली होती ती जमीन: सरकारची आणि महापालिकेचीही मोकळी जमीन. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, पण त्याची रीत टिकली.

सिडको 1970 मध्ये निघाली ती याच रीतीने. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या 95 गावांची जमीन घ्यायची, ती विकसित करून विकायची, त्या पैशातून शहर बांधायचं. जमीन देणाऱ्यांना आपला वाटा भांडून घ्यावा लागला. 1984 च्या जासई परिसरातल्या आंदोलनात पाच बळी गेले, आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, या अर्थाचा ‘साडेबारा टक्के’ हा शब्द उरण-पनवेलच्या घराघरांत पोचला तो त्यानंतर. एमएमआरडीएचं वांद्रे-कुर्ला संकुलही त्याच जातकुळीचं. तिथले भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्यातून पूल, मेट्रो, रस्ते उभारायचे.

माझ्या मते गाठ इथे आहे. ज्या संस्थेचं पोट जमिनीवर चालतं, तिला करदाता लागत नाही, आणि करदाता नसला की जाब विचारणाराही नसतो. शिवाय जमीन एकदाच विकता येते. म्हणून अशा संस्थेला बांधायला आवडतं; सांभाळणं तिच्या हिशेबात बसत नाही. वांद्रे पूर्वेचा स्कायवॉक एमएमआरडीएने 2008 मध्ये खुला केला. पुढे देखभाल महापालिकेच्या गळ्यात आली. 2019 मध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला, नंतर पाडला, आणि नवा बांधायची जबाबदारीही महापालिकेचीच. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 मध्ये महापालिकेकडे आले, ते खड्ड्यांसकट.

अमेरिकेत एकेका सेवेसाठी काढलेले 38 हजारांहून अधिक विशेष जिल्हे आहेत: कुठे पाण्याचा, कुठे अग्निशमनाचा, कुठे निव्वळ डास मारण्याचा. त्यांच्यातही गोंधळ पुष्कळ आहे, त्यांच्या निवडणुकांकडे मतदार फिरकतही नाहीत. तरी बहुतेक ठिकाणी सेवा घेणारा, पैसे देणारा आणि संचालक नेमणारा यांचा काहीतरी संबंध राहतो. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं एक उदाहरण ठाण्यातच सापडतं. उल्हास नदीवर शहाडला पाणी उचलून टेमघरला शुद्ध करणारी स्टेम ही कंपनी ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची आहे. पाणी कमी पडलं की तिथेही भांडणं होतात, पण भांडणारे निदान भागीदार असतात.

लोकप्रतिनिधी आले की सगळं सुधारतं, असं म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. मार्च 2022 नंतर मुंबई महापालिकाच कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती होती आणि शहर चालू राहिलं, असं अधिकारी ऐकवतात. शहर चाललं हे खरं. अर्थसंकल्पावर सभागृहात एकही प्रश्न न विचारला जाता चाललं, हेही खरं. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली आहे, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे आहेत. प्रत्यक्षात मात्र मोठे निर्णय एमएमआरडीए घेते, आणि तिच्यावर काही लोकप्रतिनिधी असले तरी सूत्रं नगरविकास खात्याकडे असतात. नियोजन समितीचा शब्द एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या आड आल्याचं मला तरी आठवत नाही.

निवडून आलेल्या समितीच्या हाती सूत्रं दिली, तरी तिची हद्द कुठवर, हा प्रश्न उरतोच. एमएमआरडीएची सूर्या योजना दिवसाला 403 दशलक्ष लिटर पाण्याची: मीरा-भाईंदरला 218, वसई-विरारला 185. दोन्ही शहरांची तहान खरी आहे. पण सूर्या नदीवरचं धामणी धरण बांधलं गेलं तेव्हा पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांना शेतीच्या पाण्याचा शब्द दिला होता, आणि पाणी शहराकडे वळवायला तिथून विरोध झाला. महानगराची हद्द नळाच्या तोटीपाशी आखली तर हा शेतकरी तिच्या बाहेर पडतो. धरणापाशी आखली तर पाणीवाटपात त्याचंही मत धरावं लागेल, आणि मग 403 हा आकडा कदाचित तेवढाच राहणार नाही.