'परत आणा' म्हणण्याचा हक्क



एखादी आवडीची वस्तू कंपनीने बंद केली की ती घेणारे हळहळतात. काही जण तेवढ्यावर थांबत नाहीत. ते पत्रे लिहितात, सह्या गोळा करतात, 'आमची वस्तू परत आणा' अशी मोहीम चालवतात. आज अशाच एका मागणीचा विचार करू या. ही मागणी आहे घरी बिअर तयार करण्याच्या साधनाची.

विषय वाचून कुणाच्या भुवया उंचावतील, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरगुती बिअर त्यातून सुटत नाही. तेव्हा ही कुणालाही दिलेली शिफारस नव्हे. काही देशांत मात्र हा कायदेशीर छंद आहे. इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला परवाना लागत असे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ माणसाला स्वतःपुरती वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर करायला करमुक्त मुभा मिळाली. या छंदाभोवती पुढे मोठी बाजारपेठ उभी राहिली. आपला प्रश्न त्या बाजारपेठेतला असला, तरी न्यायाचा आहे: विकणाऱ्याने हात आखडता घेतला, तर घेणाऱ्याचा त्याच्यावर नेमका किती हक्क उरतो?

एका यंत्राची हकिकत

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात २०१० साली 'पिकोब्रू' नावाची कंपनी सुरू झाली. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात मुरवायचे, ते गोडसर पाणी गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचे, थंड करून त्यात यीस्ट घालायचे आणि काही दिवस आंबू द्यायचे, ही बिअर करण्याची जुनी रीत. त्यात तापमान सांभाळणे हे मोठे जिकिरीचे काम असते. पिकोब्रूने ते काम यंत्राकडे सोपवले. २०१५ साली कंपनीने 'पिको' नावाच्या लहान यंत्रासाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावणारे हे यंत्र एका वेळी सुमारे पाच लिटर बिअर करी. जव आणि हॉप्स भरलेले पाकीट कंपनीच विकत असे. पाकीट आत ठेवले की यंत्र त्यावरची खूण वाचायचे, इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारायचे आणि तिकडून आलेल्या सूचनेप्रमाणे काम करायचे.

२०२० साली ही कंपनी कर्जाखाली कोलमडली आणि तिची मालमत्ता कर्ज देणाऱ्यांच्या हाती गेली. ज्यांच्या घरी यंत्रे होती त्यांच्यापुढे विचित्र प्रसंग उभा राहिला. यंत्र धडधाकट होते. त्याचे पैसे चुकते झाले होते. पण पाकिटे मिळेनाशी होणार होती आणि ज्या दिवशी सर्व्हर गप्प होईल त्या दिवशी ते चांगले यंत्र ओट्यावरचा नुसता डबा ठरणार होते.

अशा माणसाने 'परत आणा' म्हटले, तर तो हट्ट की हक्क?

आवड आणि देणे

एका वेगळ्या उदाहरणाकडे पाहिले की फरक ध्यानात येतो. अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर येथे ट्रॅपिस्ट मठवासींचा मठ आहे. २०१४ पासून हे मठवासी मठाच्या उदरनिर्वाहासाठी बिअर तयार करून विकत होते. युरोपबाहेरील ती पहिली अधिकृत ट्रॅपिस्ट बिअर. २०२२ साली, हा व्यवसाय आता परवडत नाही, असे सांगून त्यांनी तो बंद केला. ती बिअर घरी नेऊन आवडीने पिणाऱ्यांना वाईट वाटले असणार. पण मठवासींकडे त्यांचे काही येणे होते का? बाटली घेतली, पैसे दिले, व्यवहार पुरा झाला. 'पुढची बाटलीही आम्हीच देऊ' असे वचन कुणी दिले नव्हते.

कोका-कोलाचेही तसेच. २३ एप्रिल १९८५ रोजी कंपनीने आपल्या पेयाची जुनी चव बदलली. लोक संतापले, पत्रांचा आणि फोनचा पाऊस पडला आणि ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुनी चव परत आणत असल्याचे कंपनीने जाहीर केले. ही मोहीम यशस्वी झाली हे खरे. पण कंपनी वळली ती आपले हित ओळखून. ग्राहकांचे काही देणे बुडवले होते म्हणून नव्हे.

आवडीतून विनंती करता येते. विनंती कितीही जणांची असो, कितीही मोठ्या आवाजात केलेली असो, त्यामुळे तिचा हक्क होत नाही. दहा हजार सह्यांनी समोरच्याचा फायदा कशात आहे ते कळते. त्याचे कर्तव्य काय, ते सह्या मोजून ठरत नाही. आपण मात्र पुष्कळदा आवडीच्या तोंडी हक्काची भाषा घालतो. 'त्यांनी आमचा विश्वासघात केला' असे म्हणण्याआधी, त्यांनी कोणता शब्द दिला होता, हे स्वतःला विचारावे.

एका डोळ्याचा घोडा

पिकोच्या मालकाचे प्रकरण मात्र निराळे आहे. त्याने पुढची बाटली मागितलेली नाही. त्याने यंत्र विकत घेतले आहे आणि त्या यंत्राचा प्राण विकणाऱ्याच्या मुठीत राहिला आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस आक्विनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. विकणाऱ्याने वस्तूतला दोष सांगायला हवा का, असा त्यांचा एक प्रश्न आहे. त्यांचे उत्तर मोजकेपणाचे आहे. दोष उघड दिसत असेल, घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि किंमतही त्याप्रमाणे कमी केली असेल, तर मुद्दाम सांगण्याचे बंधन नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगणे हे न्यायाचे बंधन आहे.

त्याच ठिकाणी ते आणखी एक उदाहरण घेतात. एक व्यापारी महागाई असलेल्या गावात धान्य घेऊन येतो. आपल्या मागून धान्य घेऊन आणखी पुष्कळ व्यापारी येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. हे त्याने गिऱ्हाइकांना सांगावे का? थॉमस म्हणतात, सांगितले तर तो अधिक सद्‌गुणी; पण न सांगता चालू भावाने विकले, तर न्यायाचा भंग होत नाही. उद्या भाव पडणार ही उद्याची घटना आहे, आजच्या धान्यातला दोष नाही.

आता पिकोब्रू कंपनी या दुसऱ्या उदाहरणाचा आधार घेऊ शकेल. 'आम्ही बुडणार ही उद्याची घटना होती. आम्ही विकले तेव्हा यंत्र उत्तम चालत होते.' युक्तिवाद वजनदार आहे, पण पुरा पडत नाही. मागून गाड्या आल्या तरी घेतलेले धान्य धान्यच राहते. त्याची भाकरी होते. इथे विकणारा गेला की वस्तूच निकामी होते. कंपनी बुडणे ही उद्याची घटना खरी. पण कंपनीवाचून यंत्राला चालता न येणे ही विक्रीच्या दिवशीची वस्तुस्थिती होती. ते त्या यंत्राचे व्यंग होते.

मग ते लपलेले होते का? इथे घेणाऱ्यालाही आरशात पाहावे लागेल. यंत्र इंटरनेटला जोडावे लागते, ही गोष्ट काही चोरून ठेवलेली नव्हती. उलट तीच त्याची ऐट होती. घोड्याचा एक डोळा बंद आहे हे दिसत होते, पण तोच डोळा चांगला म्हणून मिरवला जात होता. 'तिकडून उत्तर आले नाही तर काय?' हा प्रश्न विकणाऱ्याने सांगितला पाहिजे होता आणि घेणाऱ्याने विचारला पाहिजे होता. जबाबदारी दोघांची आहे. पण यंत्र ज्याने घडवले त्याला त्याचे आतले सगळे ठाऊक असते, म्हणून त्याची जास्त.

काय मागावे, कधी मागावे

समजा, देणे आहे असे मानले. मग ते किती? कंपनीने जन्मभर पाकिटे विकत राहावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तोट्यातला धंदा चालवत राहायला कुणालाही भाग पाडता येत नाही. देणे आहे ते एवढेच: घेणाऱ्याला कोंडून ठेवून निघून जाऊ नये. कोणते तापमान, किती वेळ, कोणता क्रम, ही माहिती आणि आमच्यावाचून यंत्र चालवण्याची वाट त्याच्या हाती द्यावी.

इथे एक अडचण येते. अशक्य गोष्टीचे बंधन कुणावर नसते, हा न्यायाचा जुना नियम आहे. बुडालेल्या कंपनीकडे ना माणसे असतात ना पैसा. तिच्याकडे मागायचे काय? यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. हे कर्तव्य शेवटच्या दिवशी पार पाडता येत नाही. म्हणून ते बळ असतानाच्या दिवसांत पार पाडायचे असते. विक्री जोरात असते, कौतुक होत असते, तेव्हाच 'आपण नसलो तर या लोकांचे काय?' हे विचारायचे असते. आणि जे कर्ज देणारे मालमत्तेचा ताबा घेतात, त्यांनी स्वतः कुणाला शब्द दिलेला नसतो, म्हणून त्यांच्याकडे यंत्र चालवत ठेवण्याचा हक्क सांगता येणार नाही. पण लोक स्वतःची वाट काढत असतील तर ती अडवू नका, एवढे त्यांच्याकडे नक्की मागता येते.

पिकोच्या मालकांपैकी काही जाणत्यांनी तशी वाट काढलीही. यंत्र सर्व्हरशी काय बोलते हे त्यांनी समजून घेतले, त्या जागी चालणारा स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा स्वस्त संगणक घरात ठेवला की यंत्र त्यालाच सर्व्हर समजून काम करते. हे काम त्यांनी आपापसांत वाटून केले, आणि ज्याला प्रोग्रामातले काही कळत नाही त्याच्याही उपयोगाला ते आले.

एवढ्याशा गोष्टीसाठी?

कुणी म्हणेल, फादर, जगात भूक आहे, बेकारी आहे. बिअरच्या यंत्रासाठी कसला न्याय? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. वेळ आणि ताकद मर्यादित असते. ती कुठे खर्च करायची, याचाही हिशेब द्यावा लागतो. ज्याला शेजाऱ्याच्या अडचणीसाठी एक अर्ज लिहायला सवड नाही, पण आवडत्या पेयासाठी महिनाभर पत्रे लिहायला आहे, त्याने थोडे थांबून विचार करावा.

तरीही वस्तू हलकी म्हणून अन्याय हलका, असे होत नाही. भाजीच्या तराजूत झालेली पन्नास ग्रॅमची खोट ही खोटच असते. शिवाय बिअरच्या यंत्रात आज जे दिसले, ते उद्या कानाच्या मशीनमध्ये, शेतातल्या पंपात, रुग्णाच्या खाटेजवळच्या उपकरणात दिसू शकते. तिथे 'हौसेची वस्तू, गेली तर गेली' असे म्हणता येणार नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. नवी वस्तू घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: कंपनी बंद पडली तर ही चालेल का? बंद झालेली वस्तू परत मागावीशी वाटली, तर आधी ठरवा, आपण आवड सांगत आहोत की देणे मागत आहोत. आवड असेल तर नम्रपणे विनंती करा आणि नकार आला तर राग धरू नका. देणे असेल तर ठामपणे मागा, पण नेमके तेवढेच मागा.

तिसरी गोष्ट आपल्यातील दुकानदार, कारागीर, शिकवणी घेणारे आणि संस्था चालवणारे यांच्यासाठी. आपल्यावरही कुणीतरी विसंबून असते. हिशेबाची वही फक्त आपल्यालाच कळते, किल्ली फक्त आपल्याच खिशात असते, आणि आपल्यावाचून काही हलत नाही याचा मनातून थोडा अभिमानही वाटतो. या आठवड्यात अशी एक तरी किल्ली, एक तरी वही दुसऱ्या कुणाला समजावून द्या.

आपला धर्मगुरू